चहाची परीक्षा

यात माझा शहाणपणा काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी बायको एल्युनेड स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्ताची गाठ. दवाखाना घरापासून तासाभरावर. वॉर्डातल्या पोरीनं माझ्यापुढं फॉर्म ठेवला. त्यात विचारलेलं, पेशंटशी कुठल्या भाषेत बोलायचं, वेल्श का इंग्रजी? मी इंग्रजीवर खूण केली. पन्नास वर्षं आम्ही घरात वेल्शशिवाय बोललो नाही. पण पोरगी लिव्हरपूलची, त्यातून घाईत. म्हटलं, कशाला तिला त्रास. आमच्याकडं वेल्समध्ये असंच चालतं. दहाजण वेल्शमध्ये गप्पा मारत बसलेले असू देत, एक इंग्रज आत आला की दहाही जण इंग्रजी सुरू करतात. मी तर तीस वर्षं काउन्सिलच्या नोकरीत, रस्त्यांवर दोन्ही भाषांतल्या पाट्या ठोकत होतो. सरकारनं सगळं पुढ्यात वाढून ठेवलेलं असतं. खाणाराच लाजतो.

त्या दवाखान्यात एक छोटं स्वयंपाकघर आहे. तिथं पेशंटला चहा करायला लावतात. जमला तर घरी, नाही तर वृद्धाश्रमात. परीक्षा घेणारी बाई इंग्रजीत म्हणाली, किटली भरा. एल्युनेड किटली हातात धरून नुसती उभी. माझ्याशी ती हळू आवाजात बोलायची, बाकीच्यांपुढं गप्प. मला वाटायचं, लाजते. त्या गाठीनं तिचं इंग्रजी पार पुसून नेलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कागदावर लिहिलं, समज नाही. चाळीस मैलांवरच्या आश्रमात खाट ठरली. मी मान डोलावली. घरी येऊन तिचे कपडे बॅगेत भरले. रडू नाही, काही नाही. बटाटे उकडले, खाल्ले, झोपलो.

सोळाव्या दिवशी नवी नर्स आली, हेल्वेन. छातीवर नारिंगी बिल्ला. वेल्श बोलणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांतून देतात ना, तो. एल्युनेडला वेल्शमध्ये म्हणाली, "लापशी आवडली का, बाई?"

"लापशी कसली? भिंतीला कागद चिकटवायची खळ ती!"

हेल्वेन हसत सुटली. मग फॉर्म बघून माझ्याकडं वळली. "अहो एमरिस, हे इंग्रजी कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"अरे देवा! मग आम्हाला पगार कशाचा देतात? परीक्षा परत होणार. वेल्शमध्ये."

"राहू द्या आता. त्या पहिल्या बाईला वाईट वाटेल."

"तुम्ही गप्प बसा बघू."

परीक्षा घेणारी, वेल्श येणारी बाई दुसऱ्या दवाखान्यातून यायची, तीही फक्त गुरुवारी. तीन दिवस थांबलो. ती आली, बोलली, आणि एल्युनेडनं किटली भरली. कप बघून म्हणाली, "कुणी धुतलेत हे? मांजरानं?" धुतले. चहा केला. शेगडी बंद केली.

"उद्या घरी न्या," बाई मला म्हणाली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. हात मांडीवर नुसते पडून होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

एल्युनेडनं माझ्यापुढं कप ठेवला. "एमरिस, इतके दिवस त्या बायका माझ्याशी नीट का बोलल्या नाहीत रे?"

"फार कामात होत्या गं," मी म्हणालो.

तिनं ते खरं धरलं आणि चमचे विसळायला घेतले.