काळ्या रेघेखालचं पाणी

टाकीच्या काचेवर मार्करने मारलेल्या काळ्या रेघेखाली पाणी जेमतेम नखभर उतरलं होतं. मृणालीने वाकून, एक डोळा मिटून पुन्हा पाहिलं. मार्च संपत आला होता. या दिवसांत सकाळी रेघेला लावलेलं पाणी संध्याकाळपर्यंत चांगलं बोटभर खाली जायचं आणि कामावरून आल्यावर ती त्यात फिल्टरचं गोडं पाणी ओतून ते पुन्हा रेघेला आणायची. टाकीच्या काठावर बसवलेला छोटा पंखा दिवसभर पाण्यावर वारा घाली. त्या वाऱ्याने थोड्या पाण्याची वाफ होई आणि उरलेलं पाणी गार राही. पाणी उतरलं नाही, याचा अर्थ पंखा चालला नव्हता. पण पंखा तर तिच्या नाकासमोर फिरत होता. हॉलचा एसीही चालू होता. सकाळी ती सगळं जसं ठेवून गेली होती तसंच होतं.

तिने टाकीचं तापमान नोंदवणाऱ्या कंट्रोलरचं बटण दाबून दिवसातला सर्वांत वरचा आकडा काढला. एकोणतीस पूर्णांक चार अंश. सव्वीसच्या आसपास असायला हवा होता.

"काय बघतेस गो एवढी वाकून?" सोफ्यावरून सासूबाईंनी विचारलं. धोंडुबाईंनी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"काही नाही, आई. पाणी बघते."

"पानी हाय तिथंच हाय. पलून कुठं जातंय?"

तेच तर कोडं होतं. धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मृणाली नमुने तपासायची. एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही, ही तिथली सवय घरीही सुटत नसे.

रोह्यातल्या या दोन खोल्यांच्या घरात टाकी तिची होती. चार फुटांची काच, आत खडक, खडकांवर मऊ प्रवाळ: बटणांएवढे हिरवे-केशरी झोआ, छत्रीसारखं पसरलेलं एक लेदर कोरल, आणि नारिंगी माशांची जोडी. नवरा धनेश पाहुण्यांना टाकी कौतुकाने दाखवायचा, पण हात लावायचा नाही. धोंडुबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा कोपऱ्यातली समुद्री मिठाची बादली पाहून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "मिठागरवाल्यांची सून नि मीठ इकत आनते. मना सांगायचास ना, गोनभर धाडला असता." त्यात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियमही मोजून घातलेलं असतं, असं मृणालीने समजावलं. "असंल," त्या म्हणाल्या, "पन पेनला सांगू नको कोनाला."

हे झालं पावसाळ्यात. पेणजवळ वढावला, खाडीकडच्या गावात, धोंडुबाई एकट्याच राहायच्या. श्रावणात बांधावरून पाय घसरला, मनगट मोडलं, आणि धनेश जाऊन त्यांना घेऊन आला. हात बरा होईपर्यंत म्हणून आणलं. हात दसऱ्याला बरा झाला. मग दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीही गेली. वढावच्या घराची किल्ली शेजारच्या शांतीकडे होती आणि धनेश भेटेल त्याला सांगत होता, "आता आईला काही कमी नाही."

मृणालीला दिवाळीपासून दिसत होतं की त्या इथे रमत नाहीत. जेवण निम्म्यावर आलं होतं. बोलणंही. फोनवर शांतीशी बोलताना मात्र आवाज भरून यायचा: मीठ धरलं का, कुणाच्या वाफ्यात किती, कोंबड्या कुणाच्या परसात अंडी घालतात. आईंना घरी जाऊ दे, एवढंच धनेशला सांगायचं होतं. तीनदा तिने तोंड उघडलं आणि तीनदा भाजीला मीठ बरोबर आहे का असं काहीतरी विचारून मिटलं. सासूला घालवली म्हणतील, याची भीती होतीच. त्याहून मोठी अडचण आतली होती. हे सासूबाईंसाठी वाटतं, की हॉल पुन्हा आपल्याला मिळावा म्हणून, हे तिला स्वतःला ठरवता येत नव्हतं. नमुन्यात आपलाच हात लागलाय की काय अशी शंका असली, की ती निकालावर सही करत नसे.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. अर्धी रजा टाकली होती. लॅच उघडताच गरम हवा अंगावर आली. एसी बंद, टाकीवरचा पंखा बंद, गॅलरीचं दार सताड उघडं. उंबऱ्यात पाय पसरून धोंडुबाई मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. वाल मृणालीच्या माहेरचे, निडीचे. पाठ टाकीकडे होती.

मृणाली आधी टाकीकडे धावली. तीस पूर्णांक सहा. झोआंची बटणं मिटलेली, लेदर कोरल आक्रसून मुठीएवढं झालेलं. मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडत होते.

धोंडुबाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मेली काय गो?"

"नाही. अजून नाही."

"फ्रीजमधला बरफ आनू?"

"नको, आई." तिने पंखा चालू केला, टाकीवरचं झाकण काढलं, पंपाचं तोंड वर फिरवलं, तसं पाणी पृष्ठभागावर खळाळू लागलं. दिवा मालवला. "चढलं हळूहळू, तसं उतरायलाही हळूहळूच हवं. एकदम गार झालं तर त्यांना तो दुसरा दणका. तासाला अर्धा अंश, फार तर."

"मग आता?"

"आता बसायचं."

दोघी टाकीसमोर जमिनीवर बसल्या. मधे वालाचं पातेलं. मृणालीनेही डाळिंबी उचलली आणि चिमटीत दाबून साल काढली.

"पंखा तुम्ही बंद करता?"

धोंडुबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय. तुमी गेलात का बंद, यायच्या आदी चालू. कालपासनं."

"पण का?"

"का म्हंजे? जल्म गेला माजा मिठागरान. वारा पानी उचलतो नि मीठ खाली ठेवतो. तो बघ, धरलाय पन." त्यांनी बोट दाखवलं. काचेच्या वरच्या कडेला मिठाची पांढरी किनार खरोखरच जमली होती. "तू आपली कामावर. तुज्या मागं इथं मीठ पिकला तर तुजी ही फुला जगतील काय? म्हटला, आपन घरान हाव, आपन बघावा."

मृणालीला हसू आवरेना. सासूबाई तिच्या टाकीची राखण करत होत्या. "अहो, म्हणून तर मी रोज संध्याकाळी गोडं पाणी घालते. जेवढं उडालं तेवढं. मीठ होतं तेवढंच राहतं."

"ता मी बघितलाय. मना वाटला तू धुतेस." त्याही हसल्या.

"आणि एसी?"

धोंडुबाईंनी सोललेल्या डाळिंब्या पातेल्यात सारख्या केल्या. "त्याला मिठाचा कारन नाय," त्या म्हणाल्या. "तो मना सोसत नाय. गुडघं धरतात. नि दारा बंद, खिडक्या बंद. बरनीत लोनचा घातल्यासारका वाटतो."

"मग सांगायचं ना."

"कोनाला? धनेशला? तो सगल्या गावाला सांगतो माज्या आईला काय कमी नाय. त्याचा तोंड उतरवू?"

"मला सांगायचं."

"तुला सांगितला असता नि तू म्हटली असतीस जा, तर लोक तुला बोलले असते. नि तू म्हटली असतीस राहा, तर मना राहावा लागला असता."

हे अगदी बरोबर होतं, मृणालीला पटलं. तिने आकडा पाहिला. तीस पूर्णांक चार.

"तुम्हाला घरी जायचंय, आई?"

"मना माज्या घरान झोपायचाय." एवढं बोलून त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पुन्हा वालाला लागल्या.

मृणालीने एक डाळिंबी उगाच बोटांत फिरवली. "मी पण खरं सांगते. तुम्ही जावं असं मला दिवाळीपासून वाटतंय. पण तुमच्यासाठी वाटतं की माझा हॉल मला मिळावा म्हणून, ते कळत नव्हतं. म्हणून बोलले नाही."

"दोनी असंल," धोंडुबाई सहज म्हणाल्या. "त्यान काय झाला? माजी सासू लेकीकडं जायला निघाली का मी दारान उबी राहून रडायची. खरा रडायची. नि ती नाक्यापलीकडं गेली का पयला गरम भात माज्या ताटान वाढून घ्यायची."

मृणाली इतकी हसली की हातातली डाळिंबी टाकीखाली गेली. छातीवर कधीपासून कुणी पाटा ठेवला होता तो उचलल्यासारखं झालं.

"बांधाचं काय पण? धनेशला त्याचीच धास्ती आहे. पुन्हा घसरलात तर?"

"बांध पावसान निसरडा. आता कोरडा ठन हाय. रात्रीची शांती येईल निजायला, ती कवापासून सांगते." मग डोळे पातेल्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "पावसान येईन की मी हितं. तवा मिठागर पन बंद नि तुजा तो एसी पन बंद."

मृणालीने मान वर केली. खरंच होतं. पावसाळ्यात टाकीचं पाणी आपोआप सत्तावीसच्या खाली राहायचं, एसी चार महिने झाकून ठेवलेला असायचा आणि खिडक्या उघड्या. गेल्या श्रावण-भाद्रपदात धोंडुबाई इथे नीट जेवत होत्या, गात होत्या, मिठाच्या बादलीवरून हसत होत्या. ते तिच्या लक्षात होतं, पण एसीशी तिने ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

ऊन गॅलरीतून सरकत भिंतीवर गेलं. आकडा एकोणतीसच्या खाली आला तेव्हा मासे तळाकडे गेले. थोड्या वेळाने धोंडुबाईंनी तिचा गुडघा हलवला. "त्यो बघ. हिरवा."

खडकाच्या सावलीतल्या एका झोआने कडा उलगडली होती. मग शेजारच्याने. एकेक बटण फुगत, पसरत होतं. लेदर कोरल अजून मुठीएवढंच होतं, पण त्याच्या माथ्यावर बारीक लव दिसू लागली होती. मृणालीने भिंतीला पाठ टेकली. एसी लावायची आठवण दोघींनाही झाली नव्हती, आणि नुसत्या पंख्यावर, उघड्या दाराने, पाणी साडेअठ्ठावीसवर आलं होतं.

"जगली?"

"जगली, आई."

सहाला धनेश आला. दारातच थबकला. "हे काय, एसी बंद? मृणाली, तू इतक्या लवकर? टाकीला काय झालं?" मग त्याची नजर उघड्या गॅलरीवरून आईवर गेली. "आई, तू बंद केलास? अगं, तुला किती वेळा सांगितलं..."

"त्यांना बोलू नको," मृणाली म्हणाली. "त्या टाकीच जपत होत्या. बूट काढ आधी. बस इथं."

तो गोंधळून सोफ्याच्या कडेवर टेकला. धोंडुबाई पातेलं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मृणालीने कंट्रोलरकडे एकदा पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. या वेळी भाजीचं मीठ तिला आठवलं नाही.

"धनेश, आई रविवारी वढावला जातायत, राहायला. शांतीकडून किल्ली घेऊन मी स्वतः घर उघडून देणार आहे, आणि मिरगाला मीच त्यांना इथं घेऊन येईन."