आत्याचे बूट शाकाहारी आहेत का

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस मौन पाळून सुमनआत्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "मनाली, घरातलं चामडं काढ."

मी म्हटलं, "आधी चहा तरी घे."

"घेते. पण बिनदुधाचा."

मी तेव्हाच ओळखलं की या वेळी प्रकरण मोठं आहे.

आत्या सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. इंदिरानगरला तिच्या फ्लॅटवर मी दीड वर्षापासून राहते, म्हणजे अकरावी सोडली तेव्हापासून. सोडली म्हणजे काय, सरांनी माझं जर्नल फेकलं आणि मी त्यांचा डस्टर फेकला. माझा नेम जास्त चांगला निघाला. पप्पा म्हणाले, आत्याकडे राहा, ती तुला सरळ करेल. ती अजून करतेय.

तर चामडं. रवीदादा म्हणजे आत्याचा मुलगा, बंगळुरूला असतो, त्याचा जुना बेल्ट गेला. आत्याची ऑफिसची पर्स गेली. कोल्हापुरी चपला वॉचमन भिकनमामांकडे गेल्या. फ्रिजच्या मागचा सुकटीचा डबा खालच्या भागीबाईंकडे गेला.

"इतकी वर्षं दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचं आणि घरी येऊन सुकट भाजायची," आत्या म्हणाली. "लाज वाटली मला तिथे बसल्या बसल्या."

मग ती चपलांच्या स्टँडपाशी थांबली. तिथे तिचे पांढरे स्नीकर्स होते. रवीदादाने पाठवलेले, कॉलेज रोडवर दर तिसऱ्या पायात दिसतात तसले.

"हे चामड्याचे असतील तर?" ती म्हणाली.

मला तर तेच हवं होतं. पाथर्डी फाट्याजवळ बॉक्स क्रिकेटचं नवीन टर्फ झालंय, तिथे मला काउंटरवर काम मिळालं होतं. सोमवारपासून ये म्हणाले, पण पांढरे स्पोर्ट शूज पाहिजेत, चपलेवर आलीस तर गेटवरून परत. माझ्याकडे रबरी स्लीपर आणि लग्नातल्या सँडल. आत्याकडे शूज मागून झाले होते. ती म्हणाली होती, या बुटांशिवाय माझे गुडघे जॉगिंग ट्रॅकवर एक राउंड मारत नाहीत. त्या बुटांचा नंबर सहा आहे आणि माझा पाच, पण जाड मोजे घातले असते की.

"चामड्याचेच असणार," मी लगेच म्हटलं. "बघ किती मऊ आहेत. दे मला."

"अंदाज नको. नीट शोध. जनावराचं काही निघालं तर तुझे. नाही निघालं तर माझे."

मी जनावर शोधायला लागले.

बुटाच्या जिभेखाली लेबल असतं. आत्या बूट मशीनमध्ये धुते, त्यामुळे लेबलावर फक्त एक चौकोन उरला होता. मग कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅम, आमचं मटेरियल प्रीमियम आहे," तिकडचा पोरगा म्हणाला.

"ते कळलं. पण ते कोणत्या प्राण्याचं आहे?"

"मॅम, प्रीमियम क्वालिटीचं आहे."

"प्रीमियमला शेपूट असतं का?"

त्याने मला होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं बासरी ऐकली. मग दुसरी एक मुलगी आली, ती पण प्रीमियम म्हणाली. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आत्या शेजारून म्हणाली, "सम्यक वाचा. नीट बोल." मी फोन ठेवला.

शनिवारी दुपारी आम्ही भद्रकालीत महेबूबचाचांकडे गेलो. तीस वर्षं बूट शिवतायत. त्यांनी बूट उचलला आणि सरळ नाक आत घातलं.

"सुमनताई, रोज किती चालता?"

"चार किलोमीटर."

"हां, कळलं." त्यांनी नाक बाहेर काढलं आणि थोडा वेळ रस्त्याकडे तोंड करून बसले. मग कडेचा एक छोटा तुकडा ब्लेडने खरवडला आणि लायटर लावला. "चामडं असेल तर केस जळल्यासारखा वास मारतं. हे बघा, थेंब झाला. प्लास्टिक आहे."

आत्या हसली. माझा सोमवार गेला.

"पण तळ कशाने चिकटवलाय ते मला काय माहीत," चाचा पुढे म्हणाले. "माझे अब्बा सरेस लावायचे. जनावराची हाडं, कातडी उकळून करायचे. आता कोण लावत नाय. पण कंपनीत मी थोडीच बसलोय?"

आत्याचं हसू गेलं आणि माझं आलं.

"कसं ओळखायचं, चाचा?"

"गरम पाण्यात धरा पाच मिनिटं. सरेस असेल तर विरघळून तळ सुटेल."

मी जरा पुढचा विचार केला. "आणि सुटला तर परत चिकटवून द्याल?"

"बेटा, धंदाच तो आहे माझा."

घरी आल्यावर आत्याने मटणाचं मोठं पातेलं काढलं. तसंही ते आता रिकामंच होतं. पाणी भरलं, गॅस बारीक केला, उजवा बूट आत सोडला. मग मला म्हणाली, "तू बाहेर."

"का?"

"तुझा यात स्वार्थ आहे. हात लावशील."

"मी काय तळ ओढून काढणार आहे?"

"हो."

खरं म्हणजे मी तोच विचार करत होते, म्हणून जास्तच राग आला. आत्याने स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. मी बाल्कनीत जाऊन खिडकीच्या जाळीतून बघत बसले. आत्या खुर्चीवर ताठ बसली होती. "पाच मिनिटं श्वासावर लक्ष ठेवते," ती आतून म्हणाली, "म्हणजे काहीही निघालं तरी मन डगमगणार नाही." आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाण्याला बुडबुडे यायला लागले. बूट बटाटावड्यासारखा उलटा झाला.

"आत्या, उकळी फुटली," मी म्हटलं.

आत्याची पापणी हलली नाही. कालच तिने मला शिकवलं होतं, आवाज आला तर आवाज आला एवढंच जाणायचं, त्याच्यामागे जायचं नाही.

"आत्या, बूट शिजतोय."

तिने श्वास आत घेतला. बाहेर सोडला.

मी जाळीवर थापा मारल्या, स्टीलचा डबा वाजवला, रवीदादाला अपघात झाला असंही ओरडून बघितलं. आत्याच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मला रडायलाच आलं. आवाज ऐकून भागीबाई वर आल्या. मी त्यांना बाल्कनीत घेतलं.

"काय शिजतंय?"

"बूट."

"मसाला नाय घातला का?" म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

पंचवीस मिनिटांनी आत्याने डोळे उघडले, पातेल्याकडे बघितलं आणि विचारलं, "झाली का पाच मिनिटं?"

सांडशीने बूट काढला. गार झाल्यावर आत्याने तळ ओढला, मी ओढला, भागीबाईंनी पाय लावून ओढला. तळ जागचा हलला नाही.

"सरेस नाही," आत्या म्हणाली. "शाकाहारी. माझे."

तिने पाय घातला. टाच बाहेरच राहिली. पुन्हा दाबून घातला, पुन्हा टाच बाहेर. डावा शेजारी ठेवून बघितला तर उजवा त्याचा धाकटा भाऊ दिसत होता.

आत्याने चाचांना फोन लावला. स्पीकरवर चाचा म्हणाले, "उकळला? ताई, मी गरम म्हटलेलं. फोमचा तळ आहे, आकसतो ना तो."

मी हळूच उजवा पायात घातला. बरोबर बसला. जाड मोजे पण नकोत.

"आत्या," मी म्हटलं, "डाव्याचं काय?"

"काय त्याचं?"

"त्याची टेस्ट कुठे झालीय? एक शाकाहारी निघाला म्हणून दुसरा निघेलच असं कशावरून? तूच म्हणालीस, अंदाज नको."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पोरीचं बरोबर हाय," भागीबाई म्हणाल्या. त्यांना अजून एक उकळताना बघायचा होता.

"हे डोकं अकरावीत का नाही चाललं तुझं?"

"अकरावीत बूट नव्हते."

आत्याने नवीन पाणी ठेवलं आणि डावा आत सोडला. या वेळी दार लावलं नाही. खुर्चीवर बसताना म्हणाली, "किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

तिने डोळे मिटले.

डावा पण शाकाहारी निघाला. उजव्यापेक्षा जरा जास्तच आकसला, करंगळीला लागतो, पण सोमवारी टर्फच्या मॅनेजरने माझ्या पायांकडे बघितलं आणि काउंटरची चावी हातात दिली. करंगळीचं त्याला काय दिसणार?

त्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याने रवीदादाला फोन केला. "नवीन बूट पाठव. सहा नंबर. आणि कशाचे आहेत ते आधी लिहून घे."

"आधीच्यांना काय झालं?" दादा म्हणाला. "सहा महिनेच झालेत."

मी आत्याला हाताने खुणा केल्या, चोरीला गेले म्हण, कुत्र्याने नेले म्हण. पण तिने पंचशील घेतलेलं. खोटं बोलता येईना.

"शिजले," आत्या म्हणाली.

मग दादा म्हणाला, "मनालीला फोन दे."