केस्ट्रलच्या तीन पिढ्या

थर्मन गॅड्सडनच्या कानावर डेट्रॉइटच्या पश्चिम भागातले लोक पैजा लावायचे. गाडीचा हॉर्न वाजला की तो स्वराचं नाव सांगायचा. चर्चमध्ये मागच्या बाकावर एखादी बाई शिंकली की पुढे बसलेला थर्मन पुटपुटायचा, "जी शार्प." आम्ही हसायचो, नंतर ऑर्गनवर जाऊन तपासायचो, आणि तो बरोबर निघायचा. मी ओझेल. आमच्या 'लिव्हरनॉय लाइन' या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवायचो. माझी गिटार सुरात लागली की नाही हे मला चाळीस वर्षं थर्मनच्या चेहऱ्यावरूनच कळत आलं. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायची कधी वेळच आली नाही.

बँडची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यावर थर्मनचा सिंथेसायझर होता, केस्ट्रल नावाचा. पहिल्या पिढीची केस्ट्रल. कारखान्यात वर्षभर जादा पाळ्या करून त्यानं ती नवीकोरी घेतली होती. क्लीव्हलंडच्या एका कार्यक्रमानंतर आम्ही जेवायला गेलो आणि परत येऊन बघतो तर व्हॅनची काच फुटलेली, केस्ट्रल गायब. थर्मननं त्यानंतर हाताला लागेल ते वाजवलं, पण तिच्याबद्दल बोलायचा ते एखाद्या मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

गेल्या हिवाळ्यात हॉलंडहून एका कंपनीचा फोन आला. त्यांना आमची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, सोबत आम्ही म्हाताऱ्यांनी वाजवलेली दोन नवी गाणी हवी होती. मी तर आनंदानं वेडा झालो. थर्मन म्हणाला, "केस्ट्रल असेल तरच मी वाजवणार."

केस्ट्रल बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले होते. मिळाली तर वापरलेलीच मिळणार. आणि तिच्या तीन पिढ्या.

"सगळ्या सारख्याच तर दिसतात रे," मी म्हणालो. आम्ही मिशिगन अॅव्हेन्यूवर कोनी डॉग, म्हणजे खिमा आणि मोहरी घातलेले सॉसेजचे पाव, खात बसलो होतो.

"तुला बायकासुद्धा सारख्याच दिसल्या, म्हणून तीनदा लग्न करून बसलास," थर्मन म्हणाला. मग मोहरीनं माखलेलं बोट पुसून समजावायला लागला. पहिल्या पिढीचा आवाज मधासारखा, पण तापली की तिचा सूर सरकतो, सारखं बटण दाबून तिला जागेवर आणावं लागतं. दुसरीच्या पोटातले भाग तेच, फक्त जोडणी मजबूत. तिसरीत त्यांनी आतल्या चिप्सच बदलल्या. तिचा सूर दिवसभर हलत नाही, पण आवाजाला जरा धार आली.

"पहिली गाते. दुसरी गाते आणि कामालाही येते. तिसरी नुसती कामाला येते," तो म्हणाला. "आपल्याला पहिली हवी. नाहीच जमलं तर दुसरी."

मार्चच्या सुरुवातीला आम्ही हॅम्ट्रॅम्कला गेलो. तिथे बोझेना नावाच्या बाईचं जुनी वाद्यं दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. तिच्याकडे पहिली आणि दुसरी, दोन्ही पिढ्या शेजारीशेजारी मांडलेल्या होत्या. थर्मननं टोपी काढली, पहिलीच्या लाकडी कडेवरून हात फिरवला आणि आमच्या गाण्याची सुरुवात वाजवली. एवढ्या वर्षांनी तोच आवाज.

थर्मननं मात्र हात उचलला, जणू चटका बसला.

"बेसूर आहे."

"सकाळीच सुरात लावलीय," बोझेना म्हणाली. "जरा तापू द्या. पहिल्या पिढीचं माहितीच आहे तुम्हाला."

ती तापली. बोझेनानं बटण दाबून सूर पुन्हा लावला. थर्मननं परत वाजवलं आणि मान हलवली. "वरचे स्वर चढलेत. एकमेकांवर घासतायत. तुला ऐकू येत नाही का?"

तो दुसऱ्या पिढीच्या केस्ट्रलकडे वळला. तीच सुरुवात, तेच कपाळ आक्रसणं. "हीसुद्धा!"

बोझेना हात बांधून उभी होती. "दोन वेगवेगळ्या मशीनमध्ये एकच खोट कशी असेल, मिस्टर गॅड्सडन?"

"मग तुझ्या दुकानातल्या विजेतच घोळ असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला दोन्ही गोड लागल्या होत्या. पण थर्मन बेसूर म्हणतोय म्हणजे बेसूरच असणार, असं मी गृहीत धरलं आणि तिला म्हणालो, "त्याच्या कानाला तोड नाही हो, बाई." आम्ही निघताना तिनं दोन्ही यंत्रांवर कापड टाकलं, हळू, एखाद्यानं आपल्या पोरांना नावं ठेवल्यावर त्यांना आत घ्यावं तसं.

गाडीत बसताच थर्मननं टोपी परत डोक्यावर ओढली. मग म्हणाला, "म्हाताऱ्या झाल्यात त्या. आतले भाग कुजले असतील. तिसरीच घ्यावी लागणार. तिचा सूर तरी हलत नाही."

तिसरी टोलीडोला होती, मिसेस ब्रॉडनॅक्सच्या घरी. त्यांचे यजमान एमेट चर्चमध्ये वाजवायचे, शरद ऋतूत वारले होते. बाईंनी आमच्यासाठी केक केला होता. बैठकीच्या खोलीत एका बाजूला उभा पियानो आणि खिडकीपाशी केस्ट्रल, तिच्यावर विणलेलं झाकण.

"बसा, ब्रदर गॅड्सडन. एमेट कुणाला हात लावू द्यायचे नाहीत तिला. मला पुसायचीही परवानगी नव्हती," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

थर्मननं झाकण काढलं, यंत्र चालू केलं, वाजवलं. थांबला. पुन्हा वाजवलं, एकेक स्वर, खालून वरपर्यंत. मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती.

"ही कुणी उघडली होती का?"

"नाही हो."

"पडली होती? पाणी गेलं होतं आत?"

"नाही. का? काय झालं?"

"तुमच्या यजमानांनी या असल्या बेसूर डबड्यावर चर्चमध्ये वाजवलं?"

बाईंच्या हातात सुरी होती, केक कापायची. ती तशीच राहिली. "एमेटनी शेवटच्या रविवारपर्यंत तिच्यावरच वाजवलं. कुणी कधी काही म्हटलं नाही."

"मग तुमचं अख्खं चर्च बहिरं असेल!"

"थर्मन!" मी ओरडलो. त्याच्यावर मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. मग मी खिशातून गिटार सुरात लावायची छोटी डबी काढली, सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागणारी, आणि स्पीकरवर टेकवली. "वाजव."

त्यानं वाजवलं. हिरवा दिवा. पुढचा स्वर, हिरवा. त्याच्यापुढचा, हिरवा.

"बिघडलीय तुझी डबी."

मिसेस ब्रॉडनॅक्स उठल्या. पियानोपाशी गेल्या आणि उभ्याउभ्याच मधला ए हा स्वर वाजवला. पियानो त्यांनी नाताळात लावून घेतला होता, हे नंतर कळलं. "तुम्हीही तोच वाजवा, ब्रदर," त्या म्हणाल्या.

थर्मननं केस्ट्रलवर तोच स्वर धरला. पियानोचा आणि केस्ट्रलचा, दोन्ही स्वर एकमेकांत असे मिसळले की कुठला कुठे संपतो ते सांगता येईना.

थर्मन आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. "हे एक आहे?"

"एकच आहे," मी म्हणालो.

"खरं सांग, ओझेल."

"एकच आहे रे."

त्यानं बोट डाव्या कानात घातलं आणि स्वर वाजवला. मग ते काढून उजव्या कानात घातलं आणि वाजवला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. बाहेर रस्त्यावरून बर्फावर मीठ टाकणारी गाडी खरवडत गेली. शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"दोन आहेत," तो म्हणाला. "या कानात एक. त्या कानात दुसरा."

मग तो उठला, बाईंसमोर उभा राहिला. "सिस्टर ब्रॉडनॅक्स, तुमचं चर्च बहिरं नाही. मी वाटेल ते बोललो. तुमच्या यजमानांना बोललो. माफ करा मला."

"बसा तुम्ही आधी," बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा ठेवला. त्यानं काट्यानं त्याचे बारीक बारीक भाग केले. तोंडात एकही घातला नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही मन्रो गाव ओलांडलं. मग थर्मन एकदम म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यापासून मी बसवतो तो चर्चमधला कोरस मला आंबट, बेसूर लागतोय. मी वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंना इतकं बोललो की दोघी सोडून गेल्या. ऑर्गन दोनदा लावून घेतला. लावणारा म्हणाला, काही बिघडलेलं नाही. मी त्यालाच हाकलला."

"मला का नाही बोललास?"

"काय बोलणार? मला वाटलं, जुनी केस्ट्रल मिळाली की सगळं जागेवर येईल. तिचा सूर तर मला पाठ आहे, ओझेल. मी म्हटलं, तिला ऐकलं की कळेल, जग बिघडलंय की मी."

त्याची मुलगी शर्लिन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, कामधंदा काय होता? तीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर, थर्मन म्हणाला. कानात बोळे घालत होता का? नाही. बोळे घातले की साचा सरकल्याचा आवाज कळायचा नाही, आणि साचा सरकला तर कुणाचं तरी बोट जायचं. त्याच्या लाइनवर कधी कुणाचं बोट गेलं नाही, हे त्यानं डॉक्टरांना दोनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कानाला लावायचं मशीन देता येईल, पण दोन कानांचे सूर जुळवून देणं अवघड आहे. ते होईल अशी आशा धरू नका.

मला वाटलं, आता केस्ट्रलचा विषय संपला. आठवड्याभरानं थर्मनचा फोन आला. "गाडी काढ. टोलीडोला जायचंय. मी बाईंना फोन करून तिसरी घेतो म्हणून शब्द दिलाय."

"आता कशाला? आणि घ्यायचीच तर पहिली घे, बोझेनाकडची. तुला तीच हवी होती."

"पहिलीचा सूर हलतो," तो म्हणाला. "आधीच माझ्या डोक्यात एक हलतोय. तिसरी हलत नाही. ती वाजेल तेव्हा मला एवढं तरी माहीत असेल की चूक तिची नाही."

मे महिन्यात आम्ही स्टुडिओत गेलो. थर्मननं डाव्या कानात मेणाचा बोळा घातला, डोळे मिटले आणि पहिलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. एकही चूक नाही. काचेपलीकडची रेकॉर्डिंग करणारी पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली. मी त्याला मिठी मारायला गेलो तर तो उपकरणांच्या वायरी काढत होता.

"काय करतोयस? अजून एक गाणं आहे."

"दुसऱ्या कुणाला घ्या."

"अरे पण इतकं सुंदर वाजवलंस!"

"बोटांनी वाजवलं," थर्मन म्हणाला. "त्यांना पाठ आहे. मी तिथे नव्हतोच, ओझेल. मी दाराबाहेर उभा होतो, आणि आत कुणीतरी माझं गाणं वाजवत होतं."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी चिडून म्हणालो, "ऐकणाऱ्यांना काय कळणार आहे?" हे बोललो आणि जीभ चावली. त्यानं नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं. दुसरं गाणं एका तरुण मुलीनं वाजवलं. चांगलंच वाजवलं. चर्चमधलं कामही थर्मननं त्याच महिन्यात सोडलं. सोडण्याआधी त्या दोन सोप्रानोंच्या घरी जाऊन माफी मागितली. एक परत आली, एक नाही.

ऑगस्टमध्ये रेकॉर्ड आली. माझी प्रत घेऊन मी त्याच्याकडे गेलो. शर्लिन आणि तिची मुलं तिथेच होती. थर्मननं मुखपृष्ठावरचा आमचा फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि नातवंडांना दाखवला. "हा केसांचा डोंगर म्हणजे ओझेल. आता बघा, डोंगरावर गवतसुद्धा उरलं नाही." मुलं खिदळली. मग तो शर्लिनला म्हणाला, "पोरांना ऐकव ती," आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

मी खिडकीतून बघत होतो. आत पहिला स्वर वाजला तसा त्यानं नळ सोडला आणि रबरी पाइप घेऊन कोलार्डच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी घालायला लागला. आत नातवंडं नाचत होती. एक वाफा भरला, पाणी वाटेवर आलं, त्याच्या बुटांपर्यंत आलं, तरी तो तिथेच. रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा मी बाहेर गेलो आणि नळ बंद केला.

"संपलं?" त्यानं विचारलं.

"ही बाजू संपली. दुसरी अजून आहे."

त्यानं मान डोलावली. माझ्या हातावर हात ठेवून त्यानं नळ पुन्हा सोडला आणि पलीकडच्या वाफ्याकडे वळला.