मर्यादेतला साठा

सासऱ्यांच्या ॲसिडच्या गोदामाला सरकारी नोटीस आली. कुणी घातपातासाठी माल पळवू नये म्हणून उंच भिंत, चारी बाजूंना कॅमेरे आणि दिवसरात्र पहारेकरी. खर्चाचा अंदाज ऐकून सासरे खालीच बसले.

"अरे, पितळी पाट्या कोरणारी माणसं आपली गिऱ्हाइकं! ती कुणाला उडवणार? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

नवऱ्याने नियम पुन्हा वाचला. ठरावीक मर्यादेच्या आत साठा असेल, तर यातलं काहीच लागत नव्हतं.

"मग साठाच कमी करू," सासरे म्हणाले. मला हायसं वाटलं. माल कमी मागवतील, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी बाळाला लस टोचून घरी आले. खालच्या खोलीत, जिथे बाळ दिवसभर रांगतं, तिथली चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. भिंतीलगत ॲसिडचे कॅन ओळीने मांडलेले, आणि वर माझीच फुलाफुलांची चादर.

"बाबा, हे काय?"

"नियम गोदामाला आहे, घराला नाही."

"बाळ आता धरून उभं राहतं. हाती लागेल ते ओढतं."

"दाराला वरून कडी लावू. आणि कॅन सीलबंद आहेत. हा तुझा नवरा याच वासात वाढला ना?"

नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "थोडे दिवस गं."

"थोडे म्हणजे?"

"नियम बदलेपर्यंत."

त्यानंतर मी धड झोपले नाही. कडी लावली का, हे बघायला सारखी उठायची. कडी असायची. पण दाराखालून वासही यायचा.

तपासणीला साहेब आले. घरामागचं गोदाम बघून खूश झाले. अंगणातून परत निघाले, तशी मी बाळाला कडेवर घेऊन आडवी गेले आणि कडी काढली.

"साहेब, ही खोलीपण बघा."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी चादर उचलली आणि दोन पावलं मागे सरले.

"बाई, आम्ही नोंदणी झालेल्या जागा तपासतो. हे घर आहे. त्याचं खातं वेगळं."

"कुठलं?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "चौकशी करावी लागेल," म्हणाले आणि गेले.

"घरभेदी!" सासरे कडाडले. "धंदा बुडाला असता, तर याला काय खायला घातलं असतंस?"

मी बाळाचे कपडे भरले आणि माहेरची बस गाठायला निघाले.

स्टँडवर नवऱ्याचा फोन आला. "अगं, ऐक. बाबा तयार झालेत. अर्धे कॅन उद्याच हलवतो म्हणतात."

"अर्धे?"

"हो ना! किती समजावलं त्यांना."

"मग बाळाला खोलीच्या कुठल्या अर्ध्यात ठेवू?"

बस लागली होती. मी चढले.