बहिणीबद्दल अभिनंदन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. फ्राउकेच्या घराण्यात शहाण्यांची काही वाण नव्हती, तरी तिची आई रेना आणि मावशी त्राइन या सख्ख्या बहिणी एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या होत्या. आजी गेली, घर मागे राहिलं. आजीचं शेवटपर्यंत मावशीने केलं, म्हणून घर आपलं असं तिचं म्हणणं. आई म्हणायची, केलंस त्याचं पुण्य तुला, घर दोघींचं. दोघींचंही बरोबर होतं, आणि असं असलं की वकिलांची चांदी होते.

या भानगडीत आईची झोप उडाली. ती बटाटे सोलताना बटाट्यांशी भांडायला लागली. "तेव्हा कुठे होतीस गं?" असं एकेका बटाट्याला विचारायची आणि त्याला पातेल्यात आपटायची. चर्चमधलं गाणं तिने सोडलं. बाबा, म्हणजे वुबो, आधीच मितभाषी. ते हल्ली गाडी धुतो म्हणून बाहेर जायचे आणि काचा वर करून आत नुसते बसून राहायचे. एकाला सावरायला जावं तर दुसरा हातचा निसटायचा. गुरुवारी सुनावणी होती, आणि तोपर्यंत आई धड राहते की नाही याची फ्राउकेला खरोखर भीती वाटत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, घरात खटल्याचा विषय नको, आणि मनाला लागेल ते नजरेआड ठेवा. फ्राउकेने घर धुंडाळलं. संडासात, इथे सगळ्यांच्या घरी असतं तसं, नातलगांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर होतं आणि या महिन्यात त्राइन मावशीचं नाव होतं. तिने ते काढून कपाटात दडवलं. संध्याकाळी ते पुन्हा खिळ्यावर हजर.

"आई, त्यात मावशीचं नाव आहे."

"असू दे. मेलेल्यांची नावं खोडतात. ती मेलेली नाही, कोर्टात आहे."

वाढदिवस सोमवारी आला. फ्राउकेने रजा टाकली, सकाळीच आईकडे येऊन फोनची वायर उपसून ठेवली आणि आईला आज घराबाहेर सोडायचं नाही असं ठरवलं. पण गावाला कोण अडवणार? इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या नातलगांचं होतं. ते चुकवणं म्हणजे वाईटपणा, मग खटला असो की महापूर.

शेजारच्या हाउझिंगाबाईंनी कुंपणावरून पहिला हात पुढे केला. "रेना, बहिणीबद्दल अभिनंदन हं!"

फ्राउकेने डोळे मिटून घेतले. आईने हात पुसला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आभारी आहे."

मग टपालवाली. मग पाव संपलाय म्हणून आई हट्टाने बेकरीत गेली, तिथे तर रांगेतल्या सगळ्यांनी हात मिळवले. यातल्या निम्म्यांनी मावशीची बाजू घेतली होती, हे आईला ठाऊक होतं. तिने पाव घेतलाच नाही, दोन केक घेतले.

"कोणासाठी गं एवढे?" फ्राउकेने विचारलं.

"अभिनंदन घेतलं की कॉफी द्यावी लागते. मला फुकटचं घ्यायची सवय नाही."

दुपारी दिवाणखान्यात खुर्च्यांचं कडं मांडलं गेलं. माणसं आली, एकमेकांचं अभिनंदन करून बसली. वऱ्हाड जमलं आणि नवरीचाच पत्ता नाही, अशी गत. आईने केकवर सुरी धरली आणि ती तशीच थांबली.

"माझ्या वाढदिवसाला तिने फोन केला नाही," ती सुरीला म्हणाली. "नोव्हेंबरात. वकील म्हणाला बोलू नका, तर ही मूग गिळून बसली. मी दिवसभर फोनपाशी होते. घराचं काय घेऊन बसलात, विटाच त्या. पण फोन?"

फ्राउकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने ती भलत्याच जागी मलम लावत होती, आणि आज फोनही तिनेच उपसला होता. ती उठली आणि वायर गुपचूप जागेवर लावून आली.

आईने केकचा मोठा तुकडा ताटलीत घालून बाबांपुढे धरला. "तिला देऊन ये. बोलू नकोस काही. वकिलाने बजावलंय."

"मी कधी बोलतो?" बाबा म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

ते परतले तेव्हा ताटली धुतलेली होती.

"काही बोलला नाहीस ना?"

"नाही. तीही नाही. खुर्च्या मांडून एकटीच बसली होती. केक उभ्यानेच खाल्ला. रडली. मग ताटली धुतली."

पाहुण्यांनी कपात पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. आईने पदर नव्हता म्हणून ॲप्रनलाच हात पुसून तो उचलला. त्राइन मावशीचा आवाज पहिल्यापासून मोठा, अख्ख्या कड्याला ऐकू गेला.

"ताई, नोव्हेंबरचं अभिनंदन."

"तुझंही आजचं," आई म्हणाली. तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. मग आई म्हणाली, "गुरुवारी स्वेटर घालून ये. कोर्टात गारठा असतो, आणि तुझी छाती लगेच भरते." आणि तिने फोन ठेवला.

ती आपल्या खुर्चीत येऊन बसली, डोकं मागे टेकलं आणि बघता बघता घोरायला लागली. तोंड उघडं, हातात चमचा. बाबांनी चमचा अलगद काढून घेतला आणि गाडीकडे न जाता तिच्याशेजारी बसले.

हाउझिंगाबाई आधी उठल्या, मग बाकीचे. दुसरी कॉफी त्राइनकडे घ्यायची असं कुजबुजत ठरलं. चपला हातात घ्याव्यात इतक्या हलक्या पावलांनी एकेक जण दाराशी आला आणि फ्राउकेच्या कानाशी लागून म्हणाला, "मावशीबद्दल अभिनंदन."

"आभारी आहे," फ्राउके प्रत्येकाला हळूच म्हणाली. आई उठेल म्हणून तिने नाकही ओढलं नाही.