अंबाड्याची पेनी

नरकचतुर्दशीच्या पहाटे कुमुद मयेकर नवऱ्याला आंघोळीला उठवायला गेली, तेव्हा त्याला एकच बाजू उरली होती.

डावी. डावा डोळा, डावा कान, नाकाची धार, अर्धी मिशी. आधी तिला वाटलं, कुशीवर झोपलाय. म्हणून ती पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथूनही डावीच बाजू दिसली. पायथ्याशी उभं राहून पाहिलं, तरी डावीच. ती उशीवर वाकली, तेव्हा अनंताने तो एक डोळा उघडला.

"काय शोधतेस?"

"काही नाही. उठा. तेल कोमट झालंय."

संसारात तिने नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टी बघून न बघितल्यासारख्या केल्या होत्या. हीही त्यातच जमा झाली असती. पण काल दुपारी आपण काय करून बसलोय, ते तिला ठाऊक होतं.

तिने त्याला पाटावर बसवून उटणं लावलं. हात कानामागून मानेवर गेला, मानेवरून पलीकडे वळला आणि पुन्हा डाव्याच गालावर आला. उटणं निम्मं उरलं. पाठीवर तांब्या ओतताना तिला त्याच्या मागून लाटा ऐकू आल्या. मिऱ्या बंदरावरच्या लाटा तिला ओळखू येत. या त्या नव्हत्या. या थंड पाण्याच्या होत्या.

अनंत मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. हाताला कायम डिझेलचा वास. पण घरी आला की साबणाने तीनतीनदा हात धुऊन इंग्रजी नाणी घेऊन बसायचा. त्याचे आजोबा आगबोटीवर खलाशी होते. त्यांनी विलायतेच्या बंदरांतून चंचीभर पेन्या आणल्या होत्या, तिथून हा नाद लागला. राणीची पेनी दोन तऱ्हांची, हे आता कुमुदलाही पाठ होतं. तरुणपणीची राणी केसांचा अंबाडा घालून बसलेली, म्हातारपणीची डोक्यावरून पदर घेतलेली. घरात त्यांना अंबाडेवाली आणि पदरवालीच म्हणत. अंबाडेवालीतही आधीच्यांच्या कडेला बारीक मण्यांची रांग असे, पुढच्यांच्या कडेला लांबट दात. मणीवाल्या कमी मिळतात. आजोबांच्या चंचीत अशी एकच होती. डांबराच्या थेंबासारखी काळी. तिच्या मागच्या बाजूला समुद्र, दीपस्तंभ आणि ढाल घेऊन बसलेली बाई.

"घासून का ठेवत नाही हो?" लग्न झाल्या झाल्या कुमुदने विचारलं होतं.

"तो मळ नाही," तो म्हणाला होता. "ती तिची कातडी आहे. घासलीस की मेली."

शलाका, त्यांची एकुलती एक लेक, त्या पेनीला बाबांची पहिली बायको म्हणायची. पुण्याला फिजिओथेरपी शिकत होती. गेल्या दिवाळीला परीक्षेमुळे आली नव्हती, यंदा आली. लेक आली म्हणून कुमुदला हुरूप आला. धनत्रयोदशीला समया आणि पूजेची नाणी चिंच-मिठाने घासायला काढली, त्यांत तिने आजोबांची पेनीही घेतली. लक्ष्मीपुढे घरातलं सगळ्यात जुनं नाणं काळंकुट्ट कसं ठेवायचं? तिने अंगठा चिंचेत बुडवला आणि राणीच्या गालावर फिरवला. गाल अंगठ्यालाच आला. मग नाक. मग डोळा, ओठ, हनुवटी. अंबाडा राहिला, केसांतली फीत राहिली, मान राहिली. चेहऱ्याच्या जागी नुसता तांबूस, चकचकीत, गुळगुळीत धातू.

तिने पेनी पुसून अनंताच्या उशाजवळच्या कपाटात ठेवून दिली. बघतील तेव्हा बघतील, असं मनाशी म्हणाली.

आता आंघोळी उरकल्यावर तिने कपाट उघडलं. अंबाड्याखाली अनंताचा चेहरा उमटला होता. फिकट, अर्ध्या मिशीसकट. अंबाडा त्याला मुळीच शोभत नव्हता. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने घाईने कपाट लावलं.

फराळाच्या ताटावर शलाका म्हणाली, "बाबा, माझ्याकडे बघा ना."

"बघतोय की."

"मान अवघडलीय तुमची. या, दाबून देते." ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, खांदे चाचपले, आणि जरा वेळाने हात मागे घेतले. "आई, बाबांना मागची बाजू कुठून सुरू होते गं?"

"चकली खा," कुमुद म्हणाली.

शलाका रांगोळीचा डबा घेऊन अंगणात गेली ती तशीच परत आली. "ठिपके तू काढलेस?"

कुंपणाच्या आतून घराभोवती ठिपक्यांची एक रांग गोल फिरली होती. ती रांगोळी नव्हती. मुगाएवढे तांबडे मणी जमिनीतूनच वर आले होते. पायाने ढकलून हलत नव्हते. शलाका मैत्रिणीकडे फराळाचा डबा द्यायला निघाली. फाटकाकडे चालत गेली आणि चालत चालत ओटीवर आली. "काहीतरी विसरले वाटतं," म्हणाली आणि पुन्हा निघाली. पुन्हा ओटीवर आली. तिसऱ्यांदा तिने डबा तिथेच ठेवला आणि उगाच हसली.

कुमुदने हसनचाचा मुकादमांना फोन केला. जेल रोडवर त्यांचं घड्याळांचं दुकान होतं, पण तालुक्यातली जुनी नाणी ओळखायची आणि त्यांची किंमत करायची ती त्यांनीच. ते आले. बाहेरच्या माणसाला आत यायला अडचण नव्हती. मणी ओलांडताना मात्र त्यांनी पायजमा जरा वर धरला.

माजघराचं दार लोटून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. कुमुदने पेनी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"वहिनी, चिंच की लिंबू?"

"चिंच."

"बरं झालं. लिंबाने मानही गेली असती." त्यांनी नाणं कुशीवर फिरवलं. "अनंतशेठ कपाटाजवळ झोपले होते ना? हाताशी आला तो चेहरा लागला. पण हा टिकायचा नाही. अंबाडा बाईचा आहे. बसलाय बघा कसा, उसनी टोपी घातल्यासारखा."

"मग?"

"मग बाईचा घेईल. घरात बायका कोण?"

"मी आहे."

स्वयंपाकघरातून शलाका कशालातरी हसली.

"ते कोण?"

"रेडिओ," कुमुद म्हणाली.

हसनचाचांनी भिंग खाली केलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. "बाहेर मणी आहेत तोवर वेळ आहे. मण्यांचे दात झाले की हे नाणं विचारणार नाही. केसांचं वळण जुळेल तिला घेईल. तरुण राणी आहे ही, वहिनी. तरुणच बघेल."

"त्याआधी कोणी आपण होऊन दिला तर?"

"तर तोच बसेल. अनंतशेठ सुटतील. पण मग त्याला बोट लावायचं नाही. सावकाश काळा पडू द्यायचा. पुन्हा कोणी घासला, की पुन्हा जागा रिकामी." ते उठले. "किंमत आज सांगत नाही. चेहऱ्यावर ठरते."

कुमुदने त्यांना पुडीत चकल्या बांधून दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि फाटकाबाहेर जाईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, मणी आत आले होते. सकाळी ओटीवर, जेवणाच्या वेळी माजघराभोवती. खोल्यांचे कोपरे गेले. कपाट भिंतीबरोबर वाकून उभं होतं. स्वयंपाकघरातून देवाकडे जायचं तर गोल फिरून जावं लागत होतं. शलाका केस विंचरायला बसली की ते तिच्या हातांतून सुटून मानेवर आपणच वळत आणि अंबाडा होऊन बसत. तिने दोनदा सोडला. मग नाद सोडला.

"आई, माझी एक कुडी पडली कुठेतरी."

कुडी तिच्या पायाशीच होती. कुमुदने ती उचलली, घालायला गेली. उजव्या कानाची पाळी तिच्या बोटांना लागली, पण डोळ्यांना दिसली नाही. विरलेल्या कापडातून पलीकडचं दिसावं तसा तिच्यातून दिवा दिसत होता. कुमुदने खाली पाहिलं. जमिनीवरचे मणी लांबट झाले होते आणि त्यांची टोकं सगळी आतल्या बाजूला वळली होती.

"राहू दे. नंतर घालू," ती म्हणाली. शलाकाच्या गालाला समईची काजळी लागली होती. कुमुदने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि खसाखसा पुसली.

"आई! मी काय लहान आहे?"

"गालाला काळं घेऊन लक्ष्मीपुढे बसणार होतीस?"

"तुझा गाल बघ आधी," शलाका म्हणाली. कुमुदच्या डाव्या गालावर वांगाचा डाग होता, शलाका पोटात असताना आलेला. यावरून ती आईला लहानपणापासून चिडवायची.

कुमुदने तिला करंज्यांचं ताट लावायला पाठवलं आणि अनंताजवळ गेली. तो खिडकीशी बसला होता. म्हणजे बसलेला असावा.

"अहो, त्या पेनीला कुणाला हात लावू देऊ नका."

"हे तू मला सांगतेस?" त्याने डोळा मिटला. "घासलीस ना?"

"हो."

"कळलं मला. कालपासून तोंडात चिंच येतेय." तोंड पुसून तो म्हणाला, "हसन काय म्हणाला?"

"तुमची बाजू येईल परत. बाकी मी बघते."

"काय बघतेस?"

"बघते म्हटलं ना."

"शलाकाला सांगितलंस?"

"नको. घाबरेल पोर. वर्षाची दिवाळी आहे, हसू दे."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला. डिझेलचा वास होता तोच होता. मग तिने हात सोडवून घेतला आणि माजघराचं दार ओढलं.

पूजेची मांडणी अर्धी झाली होती. चौरंग, कलश, घासलेल्या समया, बाजूला उरलेल्या चिंचेची वाटी. ताम्हनात बाकीच्या नाण्यांच्या मधोमध तिने पेनी ठेवली. केस सोडले. पांढरे बरेच झाले होते, पण वळण चांगलं होतं. मानेवर घट्ट अंबाडा घातला आणि मिठाईच्या खोक्याची फीत कपाळावरून मागे बांधली. पाटावर बसली आणि तोंड डावीकडे केलं. जमिनीवरचे दात तिच्या पदराला लागले होते.

"मी आपण होऊन देतेय," ती नाण्याला म्हणाली. आवाज जरा चिडल्यासारखाच निघाला. "तरुण नाही, आहे तो घे."

आधी उजवा कान गेला. मग उजवा गाल थंड पडला, मग खांदा. मागे लाटा आल्या, आणि लाटांपलीकडे एक दीपस्तंभ असावा, कारण अंधार थांबून थांबून उजळत होता. तिथे पाठीला पाठ लावून कोणीतरी बाई बसली होती. तिच्या ढालीची कड कुमुदच्या मणक्याला टोचत होती. तिने वळून बघायचा प्रयत्न केला. वळायला बाजू नव्हती.

दुरून अनंताची हाक आली. "शलाका! अगं, इकडे ये! बघ माझ्याकडे!" मग लेकीचं ते मोठं, सगळं घर ऐकेल असं हसू. कुमुदभोवतीच्या दातांची टोकं बोथट झाली, पुन्हा गोल मणी झाले. तिला वाटलं, आता पडून राहायचं. काळं पडायचं. सावकाश.

दार उघडलं.

"आई, ताट लावलं गं. आई?" पावलं जवळ आली. "बाबा, आई कुठे गेली?"

मोरीत नळ सुरू होता. अनंत आपल्या दुसऱ्या बाजूची दाढी करत होता. "शेजारी गेली असेल फराळ द्यायला!" तो ओरडला.

"नाणी धुवायची तशीच टाकलीत हिने. मीच घेते करून." बोटांनी पेनी उचलली. "बाबा, ही राणी बघितलीत? अगदी आईसारखी दिसते!"

"काय? नळ चालू आहे, ऐकू येत नाही!"

शलाकाचा चेहरा वरून खाली उतरत आला. आभाळाएवढा. कुमुदने तो नीट तपासला. दोन डोळे. दोन कान. दोन्ही कुड्या, एक जराशी वाकडी घातलेली. सगळं होतं. कुमुदचे ओठ मिटलेले होते आणि ते आता धातूचे होते.

शलाकाने नाणं दिव्याकडे धरलं, कपाळाला आठी घातली.

"गालाला काळं लागलंय," ती म्हणाली, आणि तिने अंगठा चिंचेत बुडवला.