दुसरा ब्रेक

"ब्रेक तुम्ही दाबलात, मास्तर!"

गाडी रस्त्याच्या मधोमध आचका देऊन थांबली होती. पडदे शिवून विकणाऱ्या बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं आणि मान वळवून त्या त्याच्याकडे बघत होत्या. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग आणखी एकदा, शिवी दिल्यासारखा.

"मांजर आडवं आलं," तो म्हणाला.

"कुठलं मांजर? ते? अहो, ते फुटपाथवर बसून पाय चाटतंय! त्याच्या मनात तरी होतं का रस्ता ओलांडायचं?"

त्याने पाहिलं. मांजर खरोखरच स्वतःच्या साफसफाईत गढून गेलं होतं. त्याचा उजवा पाय मात्र अजून त्याच्या बाजूच्या ब्रेकवर होता. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणाऱ्याचा पाय चुकला तर सगळ्यांचा जीव वाचवायला. त्याची छाती धाडधाड उडत होती, तळहाताला घाम सुटला होता. तो घाबरला होता. चक्क एका मांजराला! आणि याचा त्याला इतका आनंद झाला, की बाई शेजारी नसत्या तर त्याने खाली उतरून त्या मांजराचे आभार मानले असते.

"हसताय काय? दुपारी परीक्षा आहे माझी. साहेब मागे बसलेले असताना असा ब्रेक दाबलात तर मी तिसऱ्यांदा नापास."

नियम तसाच होता. परीक्षेला शिकणारा चाकावर, मास्तर नेहमीच्या जागी शेजारी आणि परीक्षक साहेब मागच्या सीटवर. मास्तरचा पाय ब्रेकला लागला की परीक्षा तिथेच संपली. मग कारण मांजर असो की लॉरी.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्याला थंडोबा म्हणत. म्हणजे पाठीमागे, तोंडावर मास्तर. शिकाऊ मंडळींनी गाडी खांबाला घासावी, चौकात उलट्या बाजूने घुसवावी, आणि हा आपला "हं, आता पहिला गिअर" म्हणून खिडकीबाहेर बघत बसलेला. मालकीणबाई गावातले सगळे भित्रे विद्यार्थी त्याच्याच गळ्यात बांधत. "त्याच्याकडे द्या, त्याला भीती ठाऊकच नाही," असं त्या कौतुकाने सांगत. ते खरंही होतं. फक्त त्यात त्याचं स्वतःचं किती आणि रोज सकाळच्या गोळीचं किती, हे कोडं त्याच्याशिवाय कुणालाच पडलेलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. हात धड होते, नाडीही धड होती. संध्याकाळी बायको कामावरून परतली तेव्हा तो पलंगाच्या कडेवर तसाच बसलेला होता, एका पायात बूट घालून. नैराश्याच्या त्या खड्ड्यातून त्याला डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळीनेच वर काढलं, हे तो कधी नाकारत नसे. ज्या दोराने वर आलो त्या दोराला शिव्या घालू नयेत, एवढी अक्कल त्याला होती. पण वर आल्यावरही दोर कमरेला राहिलाच. त्याच्या बाबतीत तरी दुःख बोथट झालं तसा आनंदही बोथट झाला. ज्या ताईने त्याला गाडी शिकवली, "गाढवा, पाय वर!" म्हणून डॅशबोर्डवर थापा मारत शिकवली, ती गेली तेव्हा हा कोरड्या डोळ्यांनी लोकांना खुर्च्या आणून देत होता. नातेवाईक काय कुजबुजले ते त्याला ऐकू आलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

एकदा त्याने उतावळेपणा केला होता. एके दिवशी कुणाला न विचारता गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि मोकळा झाला. चार दिवस बरे गेले. मग आरशात बघायला मान वळवली, की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. जमीन पायाखाली डुलायची. शेवटी भर रस्त्यात गाडी बाजूला घ्यायला लावून तो फुटपाथवर डोकं धरून बसला. तेव्हा चाकावर होत्या याच पडदेवाल्या बाई, नव्याने शिकायला लागलेल्या. त्यांनी त्याला पाणी पाजलं, त्याच्या बायकोला फोन केला, आणि ती येईपर्यंत पडद्याच्या कापडाचे भाव कसे चढलेत यावर एकट्याच बोलत राहिल्या.

"गोळी सोडावीशी वाटणं यात चूक काही नाही," डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पण चालत्या गाडीतून उडी मारतात का हो? तुम्ही तरी?"

औषध पुन्हा सुरू झालं. तब्येत नीट सावरल्यावर दुसऱ्यांदा उतरायला सुरुवात केली, ती त्यांच्या देखरेखीखाली आणि मुंगीच्या पावलांनी. वर्षभराहून जास्त चाललं ते. आधी लहान गोळी, मग त्याहून लहान, मग पातळ औषध. शेवटचा उतार सगळ्यात सावकाश, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. झटके आले की तिथेच मुक्काम ठोकायचा, अंगाला सवय होईपर्यंत. बायको शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायची. ती सिरिंज डोळ्यांसमोर आडवी धरून रेघेवर औषध मोजायची. मात्रा कमी झाली, की तो मालकीणबाईंना सांगून काही दिवस गाडीपासून लांब राहायचा आणि वर्गात फळ्यावर चौक काढून शिकवायचा. दुधाने तोंड पोळलं होतं, म्हणून नवरा-बायको ताकही फुंकून पीत होते.

शेवटचा थेंब संपून आता तीन महिने झाले होते. झटके कधीच थांबले होते. आणि त्यांच्या जागी एकेक पाहुणा घरी परतत होता. गाणं ऐकताना अंगावर काटा येत होता. शेजाऱ्याच्या फालतू विनोदावर तो पोट धरून हसला होता, आणि शेजारीच संशयाने बघायला लागला होता. आज मांजराचा नंबर होता.

"अगं, मी आज घाबरलो!" दुपारी जेवायला घरी आला तो दारातूनच ओरडत, लॉटरी लागल्यासारखा.

बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. तिच्या हातातला डाव हवेतच राहिला. "कशाला?"

"मांजराला!"

तिने गॅस बंद केला, जवळ आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. "रात्री झोप लागली होती ना? डॉक्टरांना विचारू या का? आज परीक्षेला दुसरं कुणी जाईल, मी मालकीणबाईंना सांगते."

हे असंच चाललं होतं. अकरा वर्षं तिने रोज सकाळी विचारलं होतं, "अहो, घेतलीत का?" आता घ्यायचं काही उरलं नव्हतं, पण तो प्रश्न बेकार होऊन घरभर फिरत होता. हा मोठ्याने हसला की ती वर बघे. हा गप्प बसला तरी बघे.

"काही नको सांगायला! मी काय काचेचा आहे?" त्याने टेबलावर थाप मारली. पेला कलंडला, पाणी टेबलभर पसरलं. दोघंही दचकली.

"ओरडलात," ती म्हणाली.

"हो. ओरडलो."

"किती वर्षांनी." हे ती रागाने म्हणाली की कशाने, त्याला कळेना. ती पाठ फिरवून फडकं शोधायला लागली.

त्याची स्वतःचीच खात्री डळमळली. ही भीती, हा राग, हे सगळं परत आलेलं आयुष्य होतं, की तो जुना खड्डा नव्या वाटेने जवळ येत होता? शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन त्यानेच लावला.

"झोप?" त्यांनी विचारलं.

"लागते."

"भूक?"

"बायको म्हणते, दुप्पट."

"सकाळी उठावंसं वाटतं?"

"सगळ्यांच्या आधी उठतो."

"आणि ती धडधड, गाडी थांबली की थांबते?"

"थांबते."

"मग मला ती आजाराची नाही, तुमच्या धंद्याची वाटते. नवशिक्याशेजारी बसून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या गाडीत मी तरी बसणार नाही बुवा." त्या हसल्या आणि मग आवाज बदलला. "लक्ष मात्र ठेवायचं. मन सलग बरेच दिवस खाली राहिलं, झोप उडाली, तर लगेच या. पुन्हा औषध लागलं तर लागलं, त्यात हार नाही. आणि आज पाय आवरणार नाही असं वाटत असेल, तर सरळ सांगून मोकळे व्हा."

त्याने ठरवलं, बाईंना सांगायचं. परीक्षा केंद्राच्या आवारात त्या गाडीला टेकून उभ्या होत्या, पायात पातळ तळव्याचे कापडी बूट. आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं, त्यामुळे जाड तळव्यातून त्यांना पेडल कळायचं नाही. सुरुवातीला तर ॲक्सिलरेटर दाबला की जणू शिवण संपेपर्यंत त्या पाय उचलायच्या नाहीत. आता नवऱ्याला दिसेनासं झालं होतं, घरची गाडी खोळीखाली पडून होती, आणि पडद्यांची गाठोडी गिऱ्हाइकांकडे पोचवायची पंचाईत होत होती.

"बाई, तेव्हा ज्याच्यापायी फुटपाथवर बसलो होतो ना, ते औषध मी सोडलंय. पूर्ण," तो म्हणाला. "आता मला भीती वाटते. दुसरे मास्तर मोकळे आहेत, म्हणाल तर—"

"मी दोनदा नापास का झाले, सांगू?" बाईंनी त्याला मध्येच तोडलं. "तुम्ही आपले दगडासारखे. लॉरी अंगावर आली तरी चेहरा तोच. मला वाटायचं, मास्तर निवांत आहेत, म्हणजे सगळं आलबेल आहे. आणि मग एकदम तुमचा ब्रेक! आज सकाळी तुम्ही दचकलात ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शेजारी माणूस बसलंय. मला घाबरणाराच मास्तर हवा. पाय तेवढा आवरा म्हणजे झालं."

तो गाडीत बसला.

साहेब मागे बसले, तोंडात पेपरमिंट टाकलं आणि "चला" म्हणाले. बाईंनी गाडी लोण्यासारखी काढली. पहिला चौक झाला. शाळेसमोर पोरांचा घोळका रस्ता ओलांडत होता, तिथे त्या मुकाट थांबल्या. त्याच्या छातीत ढोल वाजत होता, पण काय मजा येत होती! रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट त्याला नव्याने दिसत होती. उघडू पाहणारं गाडीचं दार, हेलकावे खाणारा सायकलवाला, मागे मागे सरकणारा टेम्पो. एवढं सगळं चाललेलं असतं आणि आपण इतकी वर्षं खिडकीबाहेर काय बघत होतो, असं त्याला वाटलं.

मग उतार आला.

पुढे लॉरी होती, वर लांबलचक शिडी बांधलेली. शिडीची टोकं मागे गाडीभर बाहेर आलेली. उतारावर वेग वाढला. आणि लॉरी थांबली. सिग्नल नाही, इशारा नाही, थांबलीच. शिडीची दोन टोकं काचेकडे यायला लागली.

त्याचा पाय उडाला. ब्रेकच्या वर गेला. सगळं अंग ओरडत होतं, दाब! गरज पडली तर दाबायचाच होता. कुणाच्या लायसन्सपेक्षा जीव मोठा. पण मास्तर लोक अशा वेळी रस्ता बघत नाहीत, शिकणाऱ्याचा पाय बघतात. त्याने पाहिलं. कापडी बुटाची टाच वळली होती. बोटं ब्रेककडे निघाली होती, त्याच्याही आधी. गाढवा, पाय वर! कुणीतरी कानात ओरडलं. त्याचा पाय ब्रेकपासून बोटभर उंचीवर हवेतच राहिला. तो मरणाचा घाबरलेला होता आणि पाय स्थिर होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे तो विसरूनच गेला होता.

गाडी थांबली. शिडी काचेपासून हातभर लांब होती. बाईंनी सुस्कारा सोडला.

मागे पेपरमिंट कडकन फुटलं. "पुढे चला," साहेब म्हणाले.

परत आल्यावर साहेबांनी कागदावर सही केली. "पास. पण मास्तर, तुम्हाला घाम फार आलाय."

"येऊ द्या हो," बाई म्हणाल्या, "फार वर्षांनी आलाय त्यांना!" आणि त्या भर आवारात टाळ्या पिटायला लागल्या. तोही पिटायला लागला. कागदपत्रांच्या कामाला केंद्रावर आलेल्या मालकीणबाई बाहेर येऊन बघतच राहिल्या, की थंडोबाला झालं तरी काय.

संध्याकाळी घरी पोचला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. बायकोला टेबलाशी बसवलं आणि अथपासून सगळं सांगायला लागला. ताट म्हणजे उतार, बशी म्हणजे आपली गाडी, मिठाची बाटली म्हणजे लॉरी. चमचा आडवा ठेवून शिडी केली. बायको दुपारपासून मोजकंच बोलत होती, पण आता तीही पुढे वाकून बघायला लागली.

"आणि लॉरी थांबली! अशी! माझा पाय उडाला, वर गेला, आणि मला ऐकू आलं, अगदी कानात, 'गाढवा, पाय वर!' अगं, ताई असती ना आज, तर डॅशबोर्डवर अशी थाप मारून—"

त्याने थाप मारली. मिठाची बाटली आडवी झाली. "ताई," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "ताई गं." आणि इतक्या वर्षांचं रडणं एकदम आलं, आवाज करत, नाक गळत, लहान पोराचं यावं तसं. तोंड लपवायला तो टेबलाच्या कडेवर वाकला.

वाकल्यावर त्याला बायकोचा पाय दिसला. टेबलाखाली, फरशीवर. जिथे कुठलाच ब्रेक नव्हता तिथे तिची बोटं पांढरी होईस्तोवर दाबलेली होती. अशी दाबलेली पावलं त्याने जन्मभर पाहिली होती. तो जुना काळजीचा प्रश्न आता येणार, त्याला वाटलं.

पाऊल तसंच राहिलं. मग हळूच, अगदी सावकाश, फरशीवरून वर उचललं गेलं.

तिने सांडलेलं मीठ हाताने बाजूला केलं, बाटली उभी केली आणि लॉरी जिथे थांबली होती तिथे नेमकी ठेवली.

"मग?" ती म्हणाली. "पुढे?"